सोलापुरातल्या बायकांचे धंदे शोधायचं ॲप कसं करायचं

अमेरिकेत काळ्या मालकांच्या दुकानांसाठी गूगल मॅपवर 2020 ला वेगळी खूण आली, तसंच आपल्याकडं बायकांच्या घरगुती धंद्यांचं करता येतंय की. पण लगेच कोडिंगला बसू नका, आधी वही घेऊन साखर पेठ, अशोक चौक फिरा, कारण कडक भाकरी नाहीतर शेंगा चटणीवालीचा बोर्डच नसतो, पत्ता म्हणजे "मारुतीच्या देवळामागं, निळं दार", म्हणून फॉर्ममध्ये खुणेचा रकाना अन दाराचा फोटो पाहिजेच. मालक कोण ते तिनंच सांगायचं (लायसन बऱ्याचदा नवऱ्याच्या नावावर, तिथंच गोची). भाषा मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही. लॉगिन नको, कॉलचं बटण मोठं. अन दुपारी कॉल बंद ठेवायची सोय द्या, भाकऱ्या थापून तेव्हाच जरा पाठ टेकते ती.