कोरी सेल म्हणजे शून्य नव्हे

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे दोन यंत्रांच्या तापमानाच्या नोंदी असत. एका रकान्यात यंत्र, शेजारी तापमान. पहिल्या यंत्राच्या सहा ओळी अशा: ४२, ३८, कोरी, ४०, कोरी, ४४. सरासरी यायला हवी होती ४१. माझ्या एक्सेलमधल्या अ‍ॅरे फॉर्म्युल्याने (अनेक सेलवर एकदम चालणाऱ्या सूत्राने) दिली २७.३३, आणि मी ती अहवालात तशीच पाठवली. एकही नोंद ३८च्या खाली नाही, मग सरासरी २७ कशी, असं वरिष्ठांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एक्सेलमध्ये एव्हरेजला थेट रेंज दिली तर ते कोऱ्या सेल सोडून देतं. त्यामुळे मी निर्धास्त होते. पण तीच रेंज यंत्राची अट तपासणाऱ्या इफमधून गेली की कोऱ्या सेलच्या जागी शून्य येतं, आणि शून्य मोजलं जातं. १६४ला चारऐवजी सहाने भागलं गेलं होतं.

हे कळलं एफ९मुळे. फॉर्म्युला बारमध्ये इफचा अख्खा भाग सिलेक्ट करून एफ९ दाबा, आतले आकडे समोर येतात. दुसऱ्या यंत्राच्या ओळींना फॉल्स, आणि माझ्या आकड्यांच्या मध्ये ती दोन शून्यं. नव्याने शिकताय तर ही सवय लावून घ्याच. बघून झालं की एस्केप. एंटर दाबलंत तर ते आकडेच फॉर्म्युल्यात कायम होतात.

मग फॉर्म्युला असा झाला, त्यातलं इझनंबर सेलमध्ये आकडा आहे का ते तपासतं:

=एव्हरेज(इफ(ए२:ए१३="पहिलं",इफ(इझनंबर(बी२:बी१३),बी२:बी१३)))

अट पुरी झाली नाही तर काय, ती जागा मुद्दाम सोडली आहे. तिथे फॉल्स येतं आणि एव्हरेज त्याकडे बघत नाही. दोन अटी अँडने जोडू नका, अँड सगळ्या ओळींचं मिळून एकच उत्तर देतं. जुन्या एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एंटर लागतं, २०२१ किंवा ३६५मध्ये नुसतं एंटर पुरतं.

साधी अट असेल तर २००७पासून असलेलं एव्हरेजइफ्स वापरा, ते कोऱ्या सेल आपणहून वगळतं. पण सेल्सिअसचं फॅरनहाइट करून सरासरी हवी असेल तर अ‍ॅरेच लागतो, आणि तिथे जास्त जपावं लागतं: इझनंबर विसरलात तर कोरी सेल ३२ होऊन येते. शून्य निदान डोळ्यांत खुपतं, ३२ खपून जातं.

आता मी शेजारच्या सेलमध्ये तोच फॉर्म्युला एव्हरेजऐवजी काउंट घालून ठेवते. अहवालात ४१च्या पुढे '६ पैकी ४ नोंदी' असं लिहिते.