वृत्तछायाचित्रणाचं पहिलं वर्ष: बोटांना सवय कशी लावायची

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. आदल्या रात्री एका नाटकाचे फोटो काढले होते. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२००, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/२.८, शटर १/६० सेकंद, म्हणजे अंधारासाठी भरपूर प्रकाश घेणारी सेटिंग. दुसऱ्या दिवशी भर उन्हात एका शाळेच्या निकालाला गेले. फाटकातून एक मुलगी जी धावत सुटली ती थेट आजोबांच्या गळ्यात. मी कॅमेरा उचलला आणि आठ फ्रेम घेतल्या. आठही पांढऱ्याफटक. कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळे आकडे आपणच ठरवायचे त्या मोडवर होता आणि सेटिंग रात्रीचीच राहिली होती. आजोबांचे पांढरे केस कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं, तेसुद्धा कळत नव्हतं. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली कच्ची नोंद, उघडून पाहिली, पण सेन्सर प्रकाशानं पूर्ण भरला की तिथे तपशील नोंदलाच जात नाही, मग तो परत आणणार कुठून?

तेव्हापासून माझा एक नियम आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही मी पहिल्या दिवशी तोच सांगते. काम संपलं की कॅमेरा बॅगेत ठेवण्याआधी त्याला ठरलेल्या सेटिंगवर आणायचं. माझी सेटिंग आहे आयएसओ ४००, एफ/८, १/८००. कडक उन्हात ती एखादा स्टॉप उजळ पडते, मोकळ्या सावलीत दोनेक स्टॉप गडद (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). दोन्हीकडे रॉ फाइलमधून फोटो वाचवता येतो. बॅगेतून काढल्या काढल्या फोटो घ्यावा लागला तरी काहीतरी हाती राहतं.

कोणता कॅमेरा घेऊ, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. शटर, ॲपर्चर आणि आयएसओ स्वतः बदलता येतील असा कोणताही घ्या, जुना चालेल. सोबत ३५ किंवा ५० मिमीची एकच लेन्स. झूम पहिले सहा महिने बाजूला ठेवा, म्हणजे पाय चालायला लागतील.

आता खरा सराव. बहुतेक कॅमेऱ्यांत शटर बदलणाऱ्या डायलचा एक टिक म्हणजे एक तृतीयांश स्टॉप. म्हणजे तीन टिक, एक स्टॉप. आयएसओ ४०० आणि एफ/८ असताना कडक उन्हात शटर साधारण १/१६०० लागतं, मोकळ्या सावलीत १/२००. फरक तीन स्टॉपचा, म्हणजे नऊ टिक. हे नऊ टिक बोटांना पाठ व्हायला हवेत. रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसा आणि कॅमेरा मांडीवर घ्या. मनात म्हणा, 'ऊन'. मग म्हणा, 'सावली', नऊ टिक मोजत फिरवा आणि डोळे उघडून आकडा पाहा. कोणत्या दिशेला फिरवलं की शटर जलद होतं, हे कॅमेऱ्यागणिक वेगळं असतं, म्हणून सराव स्वतःच्याच कॅमेऱ्यावर करा. पहिला आठवडा कंटाळवाणा जातो. तिसऱ्या आठवड्यात मोजणं आपोआप सुटतं आणि अंगठ्याला कळायला लागतं. मोर्चात समोरचा माणूस झाडाखालून उन्हात येतो तेव्हा तुमचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर असायला हवेत, आकड्यांवर नव्हेत. एवढ्यासाठी हा खटाटोप.

मॅन्युअलमध्ये ऑटो आयएसओ लावून काम करणारे कितीतरी चांगले छायाचित्रकार आहेत, धावपळीच्या कामात मीही लावते. पण शिकताना बंद ठेवा. कॅमेरा तुमच्या वतीनं काय ठरवतोय, ते आधी कळू दे.

फोकसचाही असाच सराव आहे. फुल-फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स, एफ/८, फोकस ३ मीटरवर. मग साधारण २ ते ७ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ऑटोफोकस बंद करा आणि ३ मीटर अंतर डोळ्यांनी ओळखायला शिका. टेपनं मोजून घरात जमिनीवर खूण करा, तिथे खुर्ची ठेवा, तीन मीटरवरचा माणूस व्ह्यूफाइंडरमध्ये केवढा दिसतो ते मनात बसवा. गर्दीत ऑटोफोकस मधल्याच कुणाच्या खांद्यावर जाऊन बसतो, तिथे ही युक्ती हमखास कामी येते.

पॅनिंग, म्हणजे हलत्या माणसाबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेणं, सायकलस्वारांवर शिका. शटर १/३०, पाय रोवलेले, कमरेपासून वळायचं. बटण दाबल्यावरही वळणं थांबवायचं नाही, सगळ्यांची चूक तिथेच होते. पन्नास फ्रेममध्ये दोन चांगल्या आल्या तरी दिवस कारणी लागला.

आत, कृत्रिम दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे दिसले तर घाबरू नका. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की पट्टे सहसा जातात.

हात बसायला लागले की बाहेर पडा. एक बसथांबा, एक तास आणि फक्त १२ फ्रेम. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रॉलिफ्लेक्सही वापरत. त्या कॅमेऱ्यात १२० ची फिल्म घातली की १२ च फ्रेम मिळतात. बर्स्टवर (सलग फ्रेम घेणाऱ्या मोडवर) बोट दाबून धरणाऱ्यानं एकदा तरी हे करून पाहावं. बाराच मिळणार म्हटल्यावर तुम्ही वाट पाहायला शिकता. आधी सगळी जागा दाखवणारी फ्रेम, मग माणसामाणसांतला व्यवहार, मग अगदी जवळून काहीतरी: सुटे पैसे मोजणारी बोटं, दांडीला धरलेली मूठ. घरी आल्यावर बारामधली एकच निवडा आणि तीच का निवडली ते दोन ओळींत लिहा. मला विचाराल तर फोटो काढण्यापेक्षा ही निवड अवघड आहे.

कॅमेऱ्याचं घड्याळ आजच फोनशी जुळवून घ्या. वेळ चुकली की कॅप्शन चुकतं आणि कॅप्शन चुकलं की फोटो बातमीत वापरता येत नाही. कॅप्शन दोन वाक्यांचं पुरतं. पहिल्यात फोटोत कोण, काय करतंय, कुठे आणि कधी. दुसऱ्यात त्यामागची घटना. नावं मी ऐकून लिहीत नाही, वही आणि पेन समोरच्याच्या हातात देते. स्वतःचं नाव माणूस स्वतः लिहितो तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची चूक राहत नाही. शिवाय वही पुढे केल्यावर बोलणं सुरू होतं आणि पुढचा फोटो बऱ्याचदा त्या बोलण्यातून मिळतो. कुणी नको म्हटलं, तर बसथांब्यावरच्या सरावासाठी त्याला आग्रह करू नका.

फोटो उजळवणं, रंगाचा तोल सांभाळणं, थोडं क्रॉप करणं इथपर्यंत ठीक. फ्रेममधली वस्तू काढणं किंवा घालणं अजिबात नाही. लॉस एंजेलिस टाइम्सचे ब्रायन वॉल्स्की यांनी २००३ मध्ये इराक युद्धातल्या दोन फ्रेम जोडून एक फोटो केला. गर्दीतली काही माणसं त्यात दोनदा दिसली आणि वॉल्स्की यांची नोकरी गेली. २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं छायाचित्रकार नार्सिसो काँत्रेरास यांच्याशी संबंध तोडले. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यात सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा आला होता, तो त्यांनी पुसून टाकला होता. दोघंही कसलेले छायाचित्रकार होते. कोपऱ्यात नको ती वस्तू येत असेल तर एक पाऊल बाजूला सरका. आणि फोटो काढूनच झाला असेल, तर ती वस्तू तिथे होती, एवढंच. तिला राहू द्या.

मूळ रॉ फाइल कधीही पुसू नका. घरी आल्यावर कार्ड दोन ठिकाणी कॉपी करा, मगच फॉरमॅट मारा. बॅटरी चार्जिंगला लावा. आणि कॅमेरा बॅगेत जाण्याआधी: ४००, एफ/८, १/८००.