शिंगं दिसली म्हणून हॅथॉर म्हणू नका

इजिप्तच्या एखाद्या थडग्याच्या भिंतीवर देवी उभी असते. डोक्यावर गाईची शिंगं आणि त्यांच्या मध्ये तांबडी सूर्यतबकडी. माहिती देणारा बेधडक "हॅथॉर" म्हणून मोकळा होतो, आणि निम्म्या वेळा ती आयसिस ही दुसरीच देवी निघते. आपल्याकडे वाहन आणि आयुधं बघितली की देवता कळते. इथे वाहन नाही, हातातला अंख (वर फासा असलेलं क्रूसासारखं जीवनाचं चिन्ह) तर सगळ्यांच्याच हातात. मुकुट मुळात हॅथॉरचा खरा, पण नवराज्यकाळात (इ.स.पू. सुमारे १५५० ते १०७०) तो आयसिसच्याही डोक्यावर चढला. तेव्हापासून शिंगांवर भरवसा ठेवायचा नाही.

पहिल्यांदा ती देवीच आहे ना, ते बघा. राण्याही हा मुकुट घालत. अर्पण करते ती राणी. अंख नाकाशी धरते किंवा हात धरून पुढे नेते ती देवी. राण्यांच्या खोऱ्यात १९०४ साली सापडलेल्या नेफरतारीच्या थडग्यात आयसिस राणीला अशीच हात धरून नेते, आणि तिच्या डोक्यावर शिंगंच आहेत. कार्टूश, म्हणजे नावाभोवतीची लांबट चौकट, बहुतेक वेळा राजा-राणीची खूण असते. उशिराच्या मंदिरांत मात्र आयसिसचं नावही काही ठिकाणी कार्टूशमध्ये घातलेलं आहे, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.

आता नाव वाचा. खरा निकाल इथेच लागतो, आणि त्यासाठी लिपी शिकायची गरज नाही, दोन चिन्हं पुरतात. आयसिसचं चिन्ह म्हणजे सिंहासन: बाजूने पाहिलेली, पाठ असलेली खुर्ची. शेजारी बहुधा अर्धगोल पाव आणि अंडं असतं. हॅथॉरचं चिन्ह म्हणजे चौकोनी घर आणि त्याच्या आत उभा ससाणा. नावाचा अर्थच "होरसचं घर"; होरस हा ससाण्याच्या रूपातला देव, आयसिसचा मुलगा. नाव सहसा देवीच्या डोक्याजवळच्या उभ्या ओळीत असतं. ओळीच्या सुरुवातीला नाग आणि काठी दिसली तर ते "अमुकने म्हटलेले शब्द" असं सूत्र आहे. नाव त्याच्या लगेच पुढे येतं.

सगळ्यात जास्त चूक होते ती शेजारच्याचं नाव हिच्या माथी मारण्यात. चित्रात दोघं समोरासमोर असले की ओळी एकमेकींना खेटून येतात. उपाय सोपा आहे: चिन्हांतले पक्षी आणि माणसं ज्या बाजूला तोंड करून असतात, त्याच बाजूला तोंड असलेल्या व्यक्तीची ती ओळ. वाचायचंही त्यांच्या तोंडाकडून.

सिंहासन थेट डोक्यावरच असेल तर प्रश्नच मिटला, ती आयसिस. तिची जोडीदार नेफ्थिस डोक्यावर घर आणि त्यावर टोपली घेऊन येते. शवपेटीवर साधारणपणे नेफ्थिस डोक्याकडे आणि आयसिस पायाकडे, हेही लक्षात ठेवा.

गाईचे कान असलेला, समोरून दाखवलेला चेहरा मात्र हॅथॉरचा. इजिप्शियन चित्रात चेहरे बाजूने असतात, त्यामुळे हा लगेच डोळ्यांत भरतो. देंदेरा इथल्या हॅथॉरच्या मंदिराच्या पुढच्या मंडपातल्या २४ खांबांच्या माथ्यावर तोच आहे. मण्यांचा जड मेनात हार राजापुढे करणारीही बहुधा हीच: पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या, पहिल्या सेती राजाच्या थडग्यातून आणलेल्या शिल्पात ती तो हार राजाला देते. सिस्ट्रम या खुळखुळ्यावरून मात्र ठरवू नका. मूळ हॅथॉरचा, पण रोमन काळात तो आयसिसच्या हातातला नेहमीचा झाला.

आयसिसला गाईचं डोकं कसं आलं, याची कथाही आहे. होरस आणि सेत या देवांच्या झुंजीत तिने सेतला, स्वतःच्या भावाला, जिवंत सोडलं. चिडलेल्या होरसने आईचं शीर उडवलं, आणि थॉथ या विद्येच्या देवाने त्या जागी गाईचं बसवलं. ग्रीक लेखक प्लुटार्कला हे फारच रानटी वाटलं असावं. त्याच्याकडे होरस फक्त तिचा मुकुट हिसकावतो आणि गाईच्या डोक्याचं शिरस्त्राण तिला मिळतं.

छोट्या कांस्यमूर्तींत घोटाळे वेगळे. शिंगं मोडलेली असतात, वेगळा ओतलेला बाळ होरस हरवलेला असतो. तरी बसलेल्या बाईचा उजवा हात डाव्या स्तनाशी असेल तर ती बाळाला पाजणारी आयसिस समजायला हरकत नाही. मग चौथरा फिरवून बघा: "आयसिस अमक्याला जीवन देवो" असा मजकूर तिथे कोरलेला असू शकतो. लाल जॅस्परची, दोन्ही हात खाली सोडल्यासारखी दिसणारी गाठ तिचीच, तिला त्येत म्हणतात. मृतांच्या पुस्तकातला, म्हणजे मृताबरोबर ठेवायच्या मंत्रसंग्रहातला, १५६वा मंत्र त्या ताइताचा. पर्यटकांच्या दुकानातल्या पपायरसवर हे काही लावून बघू नका, तिथली चिन्हं बऱ्याचदा नुसती नक्षी असते.