खिमा बन, अफगाणी चवीचे

या बनसाठी लाल तिखटाचा डबा आधी उचलून आत ठेवा. मालवणी मसाला, कांदा-लसूण मसाला, तयार मटण मसाला, सगळे आत. आम्ही लालबागला राहतो. उन्हाळ्यात मसाला गल्लीतून वर्षाचा मसाला कुटून आणणारं आमचं घर, त्यामुळे खिमा म्हटला की हात आपसूक त्या बरणीकडे जातो. इथे तो आवरायचा. अफगाणी स्वयंपाकात मटणाची चव खुलते ती भरपूर कांद्याने, धणे-जिऱ्याने, मिऱ्याने आणि वाळवलेल्या पुदिन्याने. तिखटाची हौस बाजूच्या चटणीत भागवायची.

हे मला दाखवलं माझ्या भाचीच्या मैत्रिणीने. भाची पुण्याला शिकत होती, तिच्या वर्गात काबूलची एक मुलगी होती आणि सुट्टीला त्या दोघी आमच्याकडे यायच्या. एकदा तिने आमच्या मोदकपात्रात मंतू उकडले. पातळ पारीत खिमा आणि कांदा भरून वाफवायचे, वर लसूण घातलेलं घट्ट दही आणि पुदिन्याची पूड. ती कांदा चिरत बसली तो ढीग बघून मी म्हटलं, पुरे आता. तर म्हणाली, मावशी, खिम्याच्या जवळपास जाईल इतका कांदा हवाच, नाहीतर खिमा कोरडा लागतो. तेव्हापासून मी त्याच मापाने करते. बन मात्र अफगाणी पदार्थ म्हणून कुणाला सांगू नका. सारण मंतूच्या वळणाचं आहे, बाहेरचा पाव आपल्या मुंबईच्या बेकरीच्या वळणाचा.

दहा बनसाठी ४०० ग्रॅम मटण खिमा आणि ३०० ग्रॅम कांदा घ्या. खाटकाला सांगून खिमा सुऱ्याने जाडसर करून घ्या आणि थोडी चरबी राहू द्या. मशीनमधून दोनदा काढलेला खिमा शिजल्यावर एकजीव गोळा होतो, दाताखाली काही लागत नाही. घरी आणल्यावर शक्यतो धुऊ नका. धुवायचाच असेल तर बारीक चाळणीत अर्धा तास निथळत ठेवा.

मसाला ताजा करा, दहा मिनिटांचं काम आहे. एक मोठा चमचा धणे, दीड लहान चमचा जिरं, एक लहान चमचा मिरी, दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि एका मसाला वेलचीचे फक्त दाणे. धणे आधी मंद आचेवर टाका, ते गरम झाले की बाकीचं. रंग बदलायची वाट बघू नका. जिऱ्याचा वास नाकाशी आला की गॅस बंद करून लगेच ताटलीत काढा, कारण तवा बंद केल्यावरही भाजत राहतो. खलबत्त्यात जाडसर कुटा. दालचिनी, लवंग, जिरं आणि मसाला वेलची हे अफगाणी घरांतल्या ‘चार मसाल्या’चे नेहमीचे जिन्नस, घरागणिक थोडे इकडेतिकडे. धणे आणि मिरी मी खिम्यासाठी वाढवते. हळद नाही, आलं नाही. आंबटपणाला एक चमचा भरडलेला अनारदाणा घाला. टोमॅटो नको, त्याचं पाणी सगळी मेहनत फुकट घालवतं. अनारदाणा आणि कलौंजी क्रॉफर्ड मार्केट किंवा मस्जिद बंदरच्या मसालेवाल्यांकडे सहज मिळतात.

पुदिना घरीच वाळवा. पानं खुडून, पुसून, पेपरवर पंख्याखाली सावलीत पसरा. उन्हात ठेवलीत तर काळी पडतात. पावसाळ्यात मुंबईत काहीच वाळत नाही, तेव्हा ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर ठेवून, दार किंचित उघडं ठेवून पानं कुरकुरीत करा. ओल्या पुदिन्याने ही चव येत नाही. तो चटणीची आठवण करून देतो, वाळलेला मात्र मटणाच्या वशाटपणावर बरोबर बसतो.

आता खिमा. जाड बुडाच्या पसरट कढईत दोन चमचे तेलात बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर परता. बिर्याणीसारखा तपकिरी करायचा नाही, मऊ आणि कडेला जेमतेम सोनेरी. चार पाकळ्या ठेचलेला लसूण, मग खिमा आणि एक लहान चमचा मीठ. इथून आच मोठी. उलथन्याने गुठळ्या मोडत राहा आणि झाकण अजिबात ठेवू नका. खिमा आधी पाणी सोडतो आणि कढईत रटरट आवाज येतो. पाणी आटत आलं की तो आवाज बदलतो, बारीक तडतड सुरू होते आणि कडेला तूप सुटल्यासारखी चरबी चमकते. तोपर्यंत हलायचं नाही. उलथन्याने खिमा एका बाजूला सारून कढई तिरपी करून बघा. पाणी वाहिलं तर अजून पाच मिनिटं, नुसती चरबी ओघळली तर झालं. आता कुटलेला मसाला आणि अनारदाणा घालून दोन मिनिटं परता. गॅस बंद करून मग एक चमचा चुरलेला पुदिना आणि कांद्याच्या पातीचा हिरवा भाग मूठभर.

सारण ताटात पसरून गार करा आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा. दोन कारणं आहेत. आपल्या हवेत शिजलेलं मटण ओट्यावर तासन्‌तास ठेवणं बरं नाही. शिवाय चरबी थिजली की सारण सुटसुटीत भरता येतं. कोमट सारणाची वाफ पावाच्या आतल्या बाजूला कच्चट थर करते.

पिठाला ३५० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक मोठा चमचा साखर, एक लहान चमचा मीठ, एक अंडं आणि साधारण १७५ मिली दूध. सगळं एकत्र मळून झालं की ४० ग्रॅम मऊ लोणी थोडं थोडं मुरवा. हाताने दहा-बारा मिनिटं तरी मळा. सुरुवातीला चिकटतं म्हणून वर मैदा भुरभुरू नका, मळता मळता ते आपोआप सुटतं. दूध कोमट करा असं पुष्कळ कृतींत असतं, पण ते थंड गावांसाठी. मे महिन्यात मी फ्रिजमधलं गार दूध घेते, नाहीतर पीठ पाऊण तासाच्या आतच फुगून आंबूस होतं. जानेवारीत दूध साध्या तापमानाचं घ्या आणि तास-सव्वा तास द्या. घड्याळापेक्षा पीठ बघा, दुप्पट झालं की पुरे. पावसाळ्यात मैदाही ओलसर असतो, तेव्हा दोन चमचे दूध मागे ठेवा.

पिठाचे दहा सारखे गोळे करा, वजनकाट्यावर साधारण ६४ ग्रॅमचे. दहा मिनिटं झाकून ठेवा, मग लाटताना आखडत नाहीत. पुरणपोळीचा उंडा भरतो तसंच भरायचं: मध्ये जाड, कडा पातळ, सारण मध्ये, कडा वर ओढून चिमटीत बंद. कडेला चरबीचं बोट लागू देऊ नका. तेलकट कडा कितीही दाबली तरी चिकटत नाही आणि ओव्हनमध्ये तिथूनच उघडते. मी सारण चमच्याने भरते आणि चिमटीचा हात कोरडा ठेवते. जोड खाली करून ट्रेमध्ये दोन-दोन बोटं अंतर ठेवून मांडा. सारण गार असल्याने दुसऱ्यांदा फुगायला अर्धा-पाऊण तास लागतो. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू भरून आला की तयार.

तोवर ओव्हन १९० अंशांवर तापवा. एका अंड्याचा पिवळा बलक चमचाभर दुधात फेटून बनवर ब्रशने लावा, वर कलौंजी आणि पांढरे तीळ. अफगाणी नानवरही हीच कलौंजी असते. मधल्या खणात १८ ते २० मिनिटं. लहान ओटीजीत वरचा रॉड फार जवळ येतो, म्हणून ट्रे एक खण खाली घ्या आणि बारा मिनिटांनी रंग चढला असेल तर वर फॉइल टाका. खालची बाजूही सोनेरी झालेली हवी, एक बन उचलून बघा. बाहेर काढल्यावर लगेच जाळीवर ठेवा, ट्रेमध्ये राहिले तर बूड ओलं होतं.

ओव्हन नसेल तर बन थोडे चपटे करून जाड तव्यावर, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी सात-आठ मिनिटं भाजा. चकाकी येणार नाही, पण आत छान शिजतात.

सोबत चक्का दुधाने जरा सैल करून त्यात किसलेला लसूण, मीठ आणि पुदिन्याची पूड. आमच्याकडे धाकट्या दिरांना हिरव्या मिरचीचा ठेचा लागतोच, तो वेगळ्या वाटीत. उरलेले बन त्याच दिवशी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ओटीजीत १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं, आतपर्यंत कढत होईपर्यंत गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पाव चिवट होतो.