नव्या ॲप्लिकेशनसाठी प्रोग्रामिंग भाषा कशी निवडावी

नवे ॲप्लिकेशन करायचे ठरले की पायथन की जावा, गो की रस्ट, ही चर्चा लगेच रंगू लागते. वास्तविक भाषांची तुलना हा या कामाचा शेवटचा टप्पा आहे. ॲप कुठे चालणार, त्यातला सर्वांत अवघड भाग कोणता आणि पुढची काही वर्षे ते कोण सांभाळणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहून काढावीत. ती प्रामाणिकपणे लिहिली, तर निवड बहुधा दोन-तीन भाषांवर येऊन ठेपते.

उदाहरणादाखल गावातील दूध संकलन केंद्राचे ॲप घेऊ. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातील इतर घन पदार्थ) मोजले जाते, दरपत्रकानुसार रक्कम निघते, पावती छापली जाते आणि दर दहा दिवसांनी बिल होते. इंटरनेट गेले तरी रांग थांबता कामा नये.

ॲप कुठे चालणार, यावरून काही पर्याय आपोआप गळतात. ब्राउझरमध्ये चालवायचे असेल तर जावास्क्रिप्ट किंवा तिच्यावर बेतलेली टाइपस्क्रिप्ट हाच मळलेला मार्ग आहे. अँड्रॉइडसाठी गूगलने 2017 मध्ये कोटलिनला अधिकृत मान्यता दिली आणि 2019 पासून तिलाच प्राधान्य दिले. आयफोनसाठी ॲपलची 2014 मध्ये आलेली स्विफ्ट आहे. आपल्या केंद्रावर मात्र जुना विंडोज संगणक आहे आणि दुधाचे यंत्र त्याच्या सीरियल पोर्टला जोडलेले आहे. अशा ठिकाणी गोसारखी भाषा सोयीची पडते, कारण तिच्यातून एकच फाइल तयार होते आणि ती नुसती कॉपी करून चालवता येते. पायथनमध्ये इंटरप्रिटर (प्रोग्राम वाचून चालवणारे सॉफ्टवेअर) आणि लायब्रऱ्या (इतरांनी लिहिलेले तयार कोड) सोबत बांधून द्याव्या लागतात. ते अशक्य नाही, पण दूरच्या चाळीस केंद्रांवर बसवायचे असेल तर हा भार खरा आहे.

सर्वांत जास्त वेळ दुसऱ्या प्रश्नाला द्यावा. दूध केंद्राच्या ॲपमध्ये अवघड भाग वेगाचा नाही, तो पैशांचा आणि देवनागरीचा आहे. संगणकातील सामान्य दशांश संख्या द्विमान पद्धतीने साठवल्या जातात, त्यामुळे पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 अशी दिसते. पूर्णांकात रूपांतर करतानाही भाषा वेगवेगळ्या वागतात: 2.5 ही संख्या पायथनचे राउंड फंक्शन 2 करते, तर जावास्क्रिप्टचे 3 करते. शेतकऱ्याच्या बिलात असा फरक चालणार नाही, म्हणून पैशांसाठी अचूक दशांश प्रकार भाषेत आहे का, हे पाहावे. पायथनमध्ये डेसिमल आणि जावात बिगडेसिमल सोबतच मिळतात; जावास्क्रिप्टमध्ये मात्र वेगळी लायब्ररी घ्यावी लागते किंवा हिशेब रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवावा लागतो.

देवनागरीची परीक्षा तर प्रत्येक उमेदवार भाषेची घ्यावीच. ‘नमस्ते’ या शब्दाची लांबी विचारली तर पायथन 6 सांगते आणि गो 18, कारण पहिली युनिकोड (जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) चिन्हे मोजते आणि दुसरी ती साठवायला लागणारे बाइट. वाचणाऱ्याला मात्र तीनच अक्षरे दिसतात. पावतीवर नाव ठरावीक जागेत बसवताना शब्द मध्येच तुटून जोडाक्षराचा हलन्त लोंबकळू लागतो, तो यामुळेच. अकारविल्हे यादीतही असाच घोटाळा होतो: युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आणि ‘व’च्या आधी येतो, त्यामुळे साधी क्रमवारी ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी लावते, तर मराठी वर्णक्रमात ‘ळ’ ‘ह’नंतर येतो. मराठी क्रमवारी देणारी भरवशाची लायब्ररी त्या भाषेत उपलब्ध आहे का, हे भाषेच्या कोणत्याही गाजलेल्या वैशिष्ट्यापेक्षा येथे महत्त्वाचे आहे.

वेगाची चिंता बहुतेक व्यावसायिक ॲपमध्ये अनाठायी असते. त्यांचा वेळ डेटाबेस आणि नेटवर्कची वाट पाहण्यात जातो. अपवाद आहेतच. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या कंपनीने आपली एक सेवा गोमधून रस्टमध्ये नेली आणि 2020 मध्ये त्याचे कारण जाहीरपणे मांडले: स्मृती साफ करणाऱ्या यंत्रणेमुळे ठरावीक काळाने विलंब होत होता. आपल्या कामाचा भार त्या जातीचा आहे, हे मोजून सिद्ध झाले असेल तरच हा मुद्दा निर्णायक मानावा.

सांभाळणाऱ्या माणसांचा विचार करताना आज हाताशी असलेल्या दोघांबरोबर, ते सोडून गेल्यावर कोण मिळेल, हेही पाहावे. भाषेचा स्वतःचा स्वभावही तपासावा. पायथन 3 हे 2008 मध्ये आले, पण जुने प्रोग्राम त्यात जसेच्या तसे चालत नव्हते, आणि 1 जानेवारी 2020 रोजी पायथन 2 चा आधार संपेपर्यंत असंख्य संस्थांना स्थलांतराचा खर्च सोसावा लागला. उलट 2012 मध्ये गो 1 आली, तेव्हा पुढील आवृत्त्यांत जुने प्रोग्राम चालत राहतील, असे लेखी आश्वासन तिच्या कर्त्यांनी दिले. दहा वर्षे चालवायच्या ॲपसाठी असे आश्वासन मोलाचे असते.

उरलेल्या दोन भाषांत एकच छोटा तुकडा लिहून पाहावा, पण तो पोकळ नसावा: यंत्रातून फॅट वाचणे, रक्कम काढणे, नोंद साठवणे आणि मराठी पावती छापणे, इतके सगळे त्यात यावे. मग वाचन सुरू असताना केबल उपसून पाहावी आणि प्रोग्राम कोलमडतो की कामाचा संदेश देतो, ते तपासावे. त्रयस्थ प्रोग्रामरला तो तुकडा वाचायला देऊन दरपत्रकाचा नियम कुठे बदलायचा, हे त्याला न सांगता सापडते का, हेही बघावे. दोन्ही भाषा या कसोटीला सारख्याच उतरल्या, तर संघाला जी आधीपासून येते तीच घ्यावी आणि दुसरी का सोडली, याची कारणे तारखेसह कोडसोबतच्या फाइलमध्ये लिहून ठेवावीत.