जाड कादंबरी अर्ध्यात सोडताय? या चुका टाळा

कादंबरी अर्ध्यात सोडली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते भलत्या वेळी हाती घेतल्यानं आणि भलत्या रीतीनं सोडल्यानं.

दसरा-दिवाळीच्या दिवसांत सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कापसाची वेचणी, मग हरभऱ्याच्या पाण्यासाठी रात्रीच्या विजेच्या लाइनची वाट. अशात वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणायची, दोन पानांत डोळे मिटायचे आणि आठवड्यानं म्हणायचं, "डोक्यावरून गेलं." अहो, उभ्या दिवसाच्या कामानंतर पेपरही डोक्यावरून जातो! आपल्याकडे वऱ्हाडात अशा पुस्तकांचा हंगाम एप्रिल-मेचा. दुपारी दाराबाहेर पाऊल टाकवत नाही, कूलरसमोर सलग दोन तास मिळतात. पहिली पन्नास-साठ पानं अशा एक-दोन बैठकांत काढा.

"पुढं काय झालं?" हा प्रश्न सगळ्याच कादंबऱ्यांना लावू नका. भालचंद्र नेमाड्यांच्या 'हिंदू'मध्ये (2010) खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून गावी निघतो खरा, पण आठवणीतून आठवण फुटत जाते आणि गावाकडचा अख्खा गोतावळा जमा होतो. इथं घटना शोधणारा वाचक हमखास अडकतो. मधलंच एखादं प्रकरण उघडून वाचा. गोडी लागली तर सुरुवातीला या. नावं विसरत असतील तर घरात पडलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर कोण कुणाचा कोण ते लिहा आणि तीच खूण म्हणून ठेवा.

उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधले (1960) संवाद वऱ्हाडी. बाहेरचा वाचक अडखळला तर नवल नाही, पण आपलीच पोरंही अडखळतात, कारण घरची बोली छापलेली पाहायची सवयच नाही. मोठ्यानं वाचा. बाजेवरची आजी मधूनच हेल सुधारून देईल.

एवढं करूनही जमलं नाही, तर सोडा. पण ना वाचायचं ना परत करायचं, हे नको. गावच्या वाचनालयात अशा पुस्तकाची बहुधा एकच प्रत असते आणि ती तुमच्या टीव्हीशेजारी धूळ खाते. ग्रंथपालानं विचारलं की "भल्लं मस्त हाये" असं ठोकून देऊ नका. पुढच्या खेपेला तसलंच दुसरं जाडजूड काढून ठेवतील. "एकशेवीस पानांवर अडकलो भाऊ" म्हणा. त्यांना तुमचा अंदाज येतो.

पान दुमडू नका. पान क्रमांक आणि सोडण्याचं कारण वहीत एका ओळीत टिपा. नावांचा गोंधळ किंवा वेळेची ओढाताण असेल तर उन्हाळ्यात पुन्हा आणा. आवडलीच नसेल तर कुणी कितीही नावाजो, नाद सोडा आणि त्याच फेरीत दुसरं पुस्तक घेऊन या. बाजाराच्या दिवशी वाचनालयाकडं जाणं होतंच.