वेबकॉमिक काढताना आणि वाचताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडं चांगली चित्रं काढणारी पोरं कमी नाहीत. पण त्यांची वेबकॉमिक्स, म्हणजे इंटरनेटवर टाकलेल्या चित्रकथा, मोबाइलवर वाचवत नाहीत, कारण वहीच्या पानाचा फोटो काढून तोच टाकलेला असतो. सहा चौकटींचं पान एवढ्याशा स्क्रीनवर आलं की वाचणारा दोन बोटांनी झूम करत बसतो. त्यात विनोदाची शेवटची चौकट आधीच दिसून जाते, मग हसायचं कशाला?

चौकटी सुट्या करा आणि एकाखाली एक लावा. कोरियात नेव्हर कंपनीनं 2004 साली सुरू केलेलं वेबटून हे कॉमिक्सचं संकेतस्थळ याच उभ्या वाचनावर वाढलं. तिथं 800 पिक्सेल रुंदीच्या पट्ट्या चालतात. संवादाची अक्षरं आपल्याच फोनवर, हात लांब धरून वाचून बघा. डोळे बारीक करावे लागले तर अक्षर मोठं करा आणि वाक्य छाटा. बहुतेक वेळा वाक्यच जास्त झालेलं असतं.

खरी चूक पुढं होते. चौकटी उभ्या लावतात, पण दोन चौकटींमधलं अंतर सगळीकडं सारखंच ठेवतात. कागदावर जागा मोजकी असते, इथं तसं बंधन नाही. अमेरिकन चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 2000 साली 'अनंत कॅनव्हास' म्हणून हीच कल्पना मांडली होती. समजा, यावल-रावेरकडं पाणी किती खोल गेलंय ते सांगायचंय. आकडा लिहू नका. केळीच्या बागेतलं बोअर दाखवा आणि खाली नुसती काळी पट्टी सोडा. वाचणाऱ्याचा अंगठा सरकतोय, सरकतोय, पाणी काही येत नाही. मध्येच एका कोपऱ्यात शेतकऱ्याचा आवाज, 'अजून?' छापील पानावर हे जमणार नाही.

मात्र प्रत्येक भागात असा खेळ केला तर वाचक वैतागतो. हलणारी चित्रं, आपोआप वाजणारं संगीत हे तर शक्यतो नकोच. भुसावळ-नंदुरबार पॅसेंजरमध्ये नेटवर्क जात-येत असतं. जड फाइल उघडेपर्यंत अमळनेर मागं पडतं.

वाचणारेही घाई करतात. रँडल मन्रो यांचं एक्सकेसीडी हे वेबकॉमिक (2005 पासून) पाहून 'काड्यांची माणसं' म्हणत पुढं जातात. त्यातल्या चित्रावर माउस धरला की आणखी एक ओळ उमटते, आणि कित्येकदा खरी गंमत तीच असते. मोबाइल आवृत्तीत त्यासाठी वेगळी कळ दाबावी लागते. 2013 साली त्यांनी एकच चित्र आधी दर अर्ध्या तासानं, मग दर तासानं बदलत नेलं. 3,099 चित्रांची ती गोष्ट चार महिने चालली. अशी मालिका शेवटच्या भागापासून वाचायला घेतली तर काहीच हाती लागत नाही. पहिल्या भागाची कळ शोधा.

आता देवनागरीचं दुखणं. 'कि' लिहिलं की वेलांटी भलतीकडं जाते, जोडाक्षरं फुटतात. फोटोशॉपच्या काही जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडून प्रोग्रॅम बंद करून उघडावा लागतो. फॉन्ट युनिकोडच घ्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेताचा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे बलू आणि मुक्त हे फॉन्ट फुकट मिळतात. फुग्यातल्या संवादांना बलू शोभतो.

आणि बोली. धुळ्याचं पात्र अहिराणीत 'कथा चालना भाऊ?' (म्हणजे 'कुठं चाललास?') म्हणालं तर ते तसंच राहू द्या, कंसात प्रमाण मराठी लिहू नका, चित्रावरून कळतं. पण अहिराणी आणि रावेर-यावलकडची लेवा गणबोली एकाच तोंडी घातली तर रावेरचा वाचक लगेच पकडेल. आणि अहिराणी फक्त विनोदी पात्रालाच द्यायची, हे फार झालं. डॉक्टरीणबाईंनाही बोलू द्या.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पट्टी पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.